आईच्या ओट्यावरचं नेट

जुळे सोलापूर या वस्तीतल्या आमच्या घरी वायफाय आलं ते माझ्या हट्टानं. वडील गेल्यावर आई तिथं एकटी आणि मी पुण्यात नोकरीला. रोज तिचं तोंड दिसावं एवढाच हेतू. जोडणी करायला आलेल्या माणसानं पासवर्ड काय ठेवायचा विचारलं, तर आई म्हणाली, "कशाला? कोण ध्यानात ठेवणार ते?" त्यालाही घाई होती. नेट उघडंच ठेवून तो गेला.

अशी बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. सिग्नल ओट्यापलीकडं फारसा जात नसे, त्यामुळं ज्याला हवं त्याला आमच्या ओट्यावर येऊन टेकावंच लागे. कॉलेजच्या पोरी निकाल बघायला यायच्या. समोरची अक्का, विणकर घरातली, बहिणीशी तेलुगूत तासन्‌तास बोलायची. मी फोन लावला की आई कमी आणि तिच्या मागची गर्दीच जास्त दिसायची. कुणी शेंगा सोलतंय, कुणाचं बाळ रडतंय, आणि आई चहाचे कप घेऊन मधून वाट काढतेय. तेव्हा मी वैतागायचे.

मग एक दिवस पोलीस दारात आले. आमच्या नेटवरून कुठल्याशा मुलीला घाणेरडे मेसेज गेले होते. आईनं त्यांना बसवून पोहे दिले आणि सांगितलं, "आमच्या नेटवर कोन न्हाय ते विचारा की!" नशीब, ते हसले. पुढं माणूस सापडला. ओट्याला लागूनच्या कडुलिंबाखाली गाडी लावून बसायचा, गल्लीतला नव्हताच. आईनं त्याला एकदा गार पाणीही नेऊन दिलं होतं.

माझा पारा असा चढला की मी मिळेल ती बस पकडून सोलापूर गाठलं. आकडे, चिन्हं, लहानमोठी अक्षरं घालून लांबलचक पासवर्ड टाकला. घरच्या वायफायला कुलूप हवं की नको, यावर मी आजही कुणाचं ऐकून घेत नाही. हवंच. उद्या बालंट आपल्यावर आलं तर निस्तरणार कोण?

आठवड्यानं फोन केला तर आईच्या मागं नुसती भिंत. ओटा रिकामा, आवाज नाही. म्हणाली, "संध्याकाळ लई मोठी झालीय गं."

"मग विश्वासातल्या बायकांना सांग की पासवर्ड."

"एकीला सांगू आन्‌ दुसरीला न्हाय? तिनं काय समजायचं?"

शेवटी तिनंच वाट काढली. विधवेनं कुंकू लावायचं नसतं हा रिवाज बाजूला सारून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं. कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, आणि वाण म्हणून पासवर्ड सांगायचा. माझी ती अवघड अक्षरं तिनं स्तोत्रासारखी पाठ केली होती. मी कपाळावर हात मारला, पण मनात म्हटलं, निदान आता येणारी माणसं तरी ओळखीची आहेत. ओटा पुन्हा भरला. काही वर्षं तो तसाच गजबजलेला राहिला.

पुढं मोबाईलचं नेट स्वस्त झालं. घरोघरी वायफाय आलं, पोरी लग्न होऊन गेल्या. भांडण नाही, रुसवा नाही, बायकांना आमच्या नेटची गरजच उरली नाही आणि ओटा पुन्हा रिकामा झाला. कुलूप लावलं तेव्हा निदान मला आईशी वाद तरी घालता आला होता. या खेपेला रागवायचं कुणावर?

यंदा संक्रांतीला मी घरी होते. शेंगापोळ्या झाल्या, बायका आल्या. आई दरवर्षीच्या सवयीनं पासवर्ड सांगायला लागली तर एक नवी सून हसून म्हणाली, "काकू, आता मोबाईलमधीच असतंय की नेट. कशाला पायजे?" आईचा कुंकवाचा हात तसाच राहिला. मला त्या सुनेचा राग आला, खरं तर तिचं काही चुकलं नव्हतं.

तेवढ्यात अक्का पर्समधून मोबाईल काढून पुढं सरकली. "मला सांगा काकू. मी विसरले बघा."

अक्काच्या घरी आमच्याहून वेगवान नेट आहे. ते जोडलं त्या दिवशी तिनं आईलाच पहिल्यांदा पेढा आणून दिला होता. आईनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं, तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं, आणि एकेक अक्षर सावकाश सांगत गेली.