वाटेत वाळलेला पाऊस

दौंडहून रोज सकाळी मी वडगाव रासाईला जायचे. तिथे आबा म्हणून एका वयस्कर शेतकऱ्याच्या पडीक जमिनीच्या तुकड्यात आमच्या हवामान संस्थेचं रडार होतं. एक पांढरा कंटेनर आणि आभाळाकडे तोंड करून बसलेली भलीमोठी डिश, जिला सगळं गाव छत्री म्हणायचं. डोक्यावरून जाणाऱ्या ढगाच्या पोटात काय चाललंय ते पाहणं, हे माझं काम. दिवसभर गारव्यात बसून ढग बघायचे, वर पगार. नोकरी कसली, चैनच ती.

त्या वर्षी श्रावण निम्मा सरला तरी पाऊस नव्हता. काळे ढग यायचे, रेंगाळायचे आणि निघून जायचे. गावात आवई उठली की ही छत्रीच ढग पांगवते. अहो, ती नुसती बघते, ढगाला बोटसुद्धा लावत नाही! राग माझ्या नाकावर असतो; एकदा पारावर फाडफाड बोलले आणि होतं तेही बिघडवून बसले. मशीन हलवा म्हणून लोक आबांच्या मागे लागले. जागा आबांची, शब्दही त्यांचाच. माझं तीन पावसाळ्यांचं काम त्या एका शब्दावर येऊन थांबलं.

एका दुपारी आबा कंटेनरच्या दारात आले.

"ताई, लोक न्हाई ऐकत. काय सांगू त्यांना?"

"आधी बघा तरी," म्हणत मी खुर्ची पुढे केली.

पडद्यावर आमच्या डोक्यावरचा ढग होता, हिरवट निळा. त्याच्या बुडातून पिवळ्या दोऱ्या खाली सुटल्या होत्या.

"ह्ये काय?"

"पाऊस."

आबा झटकन बाहेर गेले आणि तळहात पसरून उभे राहिले. तसाच कोरडा हात घेऊन आत आले.

"कुठं हाय?"

"पडतोय, आबा. पण खालची हवा कोरडी आहे. वाटेतच वाळून जातो."

सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला. हे मी रोज पाहत होते, टिपून ठेवत होते. बाहेर ज्यांची बाजरी करपत होती, त्यांना कधी दाखवलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दोऱ्या सुटत होत्या, विरत होत्या. एसीची घरघर लांबच्या सरीसारखी वाटायला लागली. आता म्हणतील, न्या तुमचं मशीन.

"ऱ्हाऊ द्या हितंच," आबा म्हणाले. "गावाचं मी बगतो. रानात न्हाई तर न्हाई, हितं पडताना दिसतो तरी."

दुसऱ्या दिवशी ते आपल्या बायकोला, आजींना, घेऊन आले. खुर्ची एकच होती. मी बाहेर छत्रीपाशी जाऊन उभी राहिले आणि आत दोघं पाऊस बघत बसले.