एका बाजूचा एजंट

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, सणसरमधल्या आमच्या अडीच एकरांचा सौदा बांधावरच अडला. तिथे आम्ही चौघे होतो: आई, मी, एजंट आणि बावड्याचा खरेदीदार.

आई बारामतीत शिक्षिका होती. जमीन तिच्या एकटीच्या नावावर. त्यानंतरच्या गुरुवारी पुण्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी स्वतःच्या सहीनं व्यवहार उरकायचा, मागे आम्हा भावंडांत वाद नको, असं तिचं म्हणणं. घाई कळली की भाव पडणार, म्हणून ऑपरेशनची तारीख घराबाहेर फक्त एजंटला सांगितली होती.

एजंट इंदापूरचे, साठीचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. आमच्या भागात जमिनीचा एजंट दोन्हीकडून कमिशन घेतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आईनं मात्र पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "तुम्ही फक्त आमच्या बाजूचे. तिकडून काही घ्यायचं नाही."

"बाई, अर्ध्या पगारावर ठेवताय व्हय मला?" तात्या हसले होते. पण कबूल झाले होते.

शनिवारी हद्दीच्या खुणा पाहून झाल्या. विहिरीपाशी थांबून खरेदीदारानं विचारलं, "बाई, ऑपरेशन गुरुवारीच हाय न्हवं?"

आईनं तात्यांकडे पाहिलं.

"तब्येतीला जपा," तो म्हणाला. "भाव मात्र एकरी दोन लाखानं कमी करावा लागंल. पटलं तर सोमवारी खरेदीखत. न्हाय पटलं तर मला काय घाई न्हाय."

"तारीख कुणी सांगितली?" आईनं विचारलं. आवाज चढला नव्हता.

"मी," तात्या म्हणाले. "परवा चहाला बसलो हुतो. ह्यांना म्हणलं, आबा, बाईंचं गुरुवारी ऑपरेशन हाय, तेवढं लवकर उरका. तुमचंच काम पुढं सरकावं म्हणून बोललो, बाई."

"मग तात्या, माझ्याकडनं बी कमिशन घ्या की," खरेदीदार म्हणाला. "एवढं काम केलंत!"

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "बाई, ह्या भावात हो म्हणू नका."

"गिऱ्हाईक तुमीच आणायचं आन तुमीच माघारी लावायचं? तुमी हाय तरी कुणाचे?"

"बाईंचा. चूक माझी हाय. ती बाईंनी का भरायची?"

मी आईला बाजूला नेलं. म्हणालो, एकरी दोन लाखांसाठी अडू नकोस, मोकळी हो. तिनं विचारलं, "आणि लुबाडलं गेल्याचं डोक्यात घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर झोपू?" परत जाऊन ती खरेदीदाराला म्हणाली, "आधीच्या भावात घेणार असाल तर सोमवारी इंदापूरला येते."

तो गाडीत बसून निघून गेला. रविवारी त्याचा फोन आला नाही. मी दोनदा आईला म्हणालो, आपणच फोन करू या का? तिनं नको म्हटलं.

सोमवारी, खरेदीदार आलाच तर म्हणून, तात्या सकाळपासून इंदापूरच्या नोंदणी कार्यालयाबाहेर बसून होते. कार्यालय बंद झाल्यावर त्यांचा फोन आला. "आबा आले न्हाईत, बाई."

"बरं," आई म्हणाली.

गुरुवारी सकाळी ऑपरेशन झालं. संध्याकाळी ती शुद्धीवर आली. जमीन तिच्याच नावावर होती.