लिंपलेलं दार

आधीच सांगून टाकतो, मी व्यापाऱ्याच्या घरात वाढलोय. माल हातात घ्यायचा, दाबून बघायचा, वास घ्यायचा आणि मगच भाव बोलायचा, ही आमची रीत. भूतखेत, साक्षात्कार, चमत्कार... असला न बघता घ्यायचा माल मी आयुष्यात कधी घेतला नाही. या सदरात लोक लिहितात ते वाचून मी बायकोजवळ हसतोसुद्धा. तीच म्हणाली, "तुमचंही लिहा की मग." म्हणून लिहितोय. पटवून घ्यायची कुणावर सक्ती नाही.

साल अडुसष्ट-एकोणसत्तरचं असेल. जळगावला स्टेशनच्या मागच्या बाजूला आमची केळ्यांची वखार होती. पुढे बाबूजींची, म्हणजे वडिलांची, गादी, मध्ये अंगण, आणि अंगणापलीकडे केळी पिकवायच्या खोल्या. जाड मातीच्या भिंती, खिडकी एकही नाही. कच्चे घड आत थरावर थर रचायचे, वर वाळलेला पाला टाकायचा, दारापाशी मडक्यात गोवऱ्या आणि भुसा पेटवून धूर करायचा, आणि बाहेरून दाराच्या फटी शेणामातीनं लिंपून टाकायच्या. एकदा दार लिंपलं की मुदत भरेपर्यंत उघडायचं नाही. मध्येच वारा लागला तर अर्धी केळी हिरवी, अर्धी काळी, सगळी खोली उकिरड्यावर. आमच्या वखारीत लिंपलेलं दार कधी फुटलं नाही, हे बाबूजी चारचौघांत अभिमानानं सांगायचे.

दार लिंपायचं काम शिमोन आबांचं. आबा साक्रीकडचे. त्यांच्या आजोबांनी मिशनऱ्यांच्या काळात बाप्तिस्मा घेतला होता. रेल्वे लाइनच्या पलीकडे राहायचे आणि रविवारी सकाळी चर्च करूनच कामावर यायचे. कुणी मजुरानं गुपचूप केळ्यांची एखादी फणी पाल्याखाली सरकवली की आबा ओरडायचे नाहीत. हातातलं काम न सोडता एवढंच म्हणायचे, "तो देखी राहिना." म्हणजे, देव बघतोय.

मी तेव्हा कॉलेजात होतो, जिभेला हाड नव्हतं. एकदा विचारलं, "आबा, तुमच्या देवाला दुसरा कामधंदा नाही का? रात्रंदिवस नुसतं लोकांकडे बघत बसायचं?"

आबा हसले. "नही रे भाऊ. तेनं हाईच काम शे."

मला ती कल्पना विनोदी वाटायची, आणि खरं सांगायचं तर जराशी गुदमरवणारीही. आमच्या जैन धर्मातही सर्वज्ञ आहेत, पण ते वीतराग. त्यांना सगळं कळतं, मात्र ते कुणाच्या अध्यात नाहीत नि मध्यात नाहीत. करावं तसं भरावं, हिशोब ज्याचा त्याच्यापाशी. आबांचा देव मात्र आपण जाऊ तिथे आधीच येऊन बसलेला! मी म्हणायचो, असला पाहुणा नको रे बाबा.

त्या वर्षी पर्युषण चालू होतं आणि तोंडावर गणपती. मी तेला धरला होता, म्हणजे सलग तीन उपवास, फक्त उकळलेलं पाणी. भक्तीबिक्ती काही नाही. चुलतभाऊ म्हणाला होता, याला एक दिवससुद्धा जमायचं नाही. शिवाय पर्युषणात पायाखाली जीव चिरडू नये म्हणून अनवाणी राहायचं, हा बाईचा नेम... आईला आम्ही बाई म्हणायचो.

हे अनवाणी राहणंच नडलं. खोलीत जाताना चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, कारण आत माल म्हणजे लक्ष्मी. आणि आत कोण आहे नि कोण बाहेर आलंय, हे त्या चपलांवरूनच कळायचं. उंबऱ्यापाशी एकही चप्पल उरली नाही की खोली रिकामी. वेगळी हाक मारायची कुणाला गरजच वाटत नसे.

रविवार होता, दुपारची वेळ. गणपतीसाठीची खोली भरून झाली होती. मजूर अंगणात हातपाय धूत होते. शेवटच्या थराचे घड बघावेत म्हणून मी आत शिरलो. धूर फिरायला मागच्या भिंतीलगत माणूस आडवा सरकेल एवढी बोळ सोडलेली असायची, तिच्यात गेलो. तिसरा उपवास, वर आतली ऊब... डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला टेकून खाली बसल्याचं तेवढं आठवतं.

जाग आली ती खोकल्यानं. डोळे उघडले तरी मिटल्यासारखाच काळोख. धूर नाकातोंडात जात होता. पहिल्यांदा वाटलं, मी आंधळा झालो. मग हाताला घड लागले, भिंत लागली, आणि काय झालंय ते कळलं. दार लिंपलं होतं.

ओरडायला गेलो, तर कोरड्या घशातून नुसती खरखर निघाली. उठायला गेलो तर पायात जीव नव्हता. दाराच्या नि माझ्यामध्ये छतापर्यंत रचलेली केळी. मी वरचा एक घड ओढला, तो छातीवर आला आणि त्याच्याखाली मी तसाच पडून राहिलो. घरचे समजणार मी आमच्या जैन स्थानकात साधूंच्या व्याख्यानाला बसलोय. संध्याकाळच्या प्रतिक्रमणाच्या पाठापर्यंत कुणी शोधणार नव्हतं. तोवर धुरानं माझं काम उरकलं असतं. आणि बाबूजी? लिंपलेलं दार फोडायचं त्यांच्या मनातसुद्धा येणार नव्हतं. मी भ्यालो. आयुष्यात तसा परत कधी भ्यालो नाही.

आणि मग... हे कसं लिहू कळत नाही. मला वाटलं, माझ्याकडे कुणीतरी बघतंय.

आवाज नाही, उजेड नाही, कसला वास नाही. धूर होता तसाच होता. पण त्या बोळीत मी एकटा नव्हतो. आपण पाठमोरे असताना कुणी टक लावून बघत असलं की कळतं ना, तसं. फक्त ते पाठीमागून नव्हतं, सगळीकडून होतं. मी तोंड भिंतीकडे फिरवलं, तर भिंतीकडूनही तेच. डोळे मिटले, तर मिटलेल्या डोळ्यांच्या आतही. माझी भीती, माझा भक्तीवाचूनचा उपवास, भावाला खाली बघायला लावायची हौस... ते सगळं उघडं पडलेलं मला जाणवत होतं. लोक म्हणतील, अशा वेळी धीर आला असेल. अजिबात नाही. खोलीत कोंडलो होतोच, वर त्या नजरेतही कोंडला गेलो. लपायला तसूभर जागा नव्हती.

मला संताप आला. आणि मी मनातल्या मनात, आमच्या मारवाडीत म्हणालो, "देखे कांई है, किंवाड खोल." बघतोस काय, दार उघड.

ओठसुद्धा हलले नव्हते. नंतरचं मला आठवत नाही.

पुढचं बाबूजींच्या तोंडून ऐकलेलं. आबा दार लिंपून जेवायला घरी गेले होते. ते धावत परत आले, हाताला खरकटं तसंच. गादीवर बाबूजींना न विचारता त्यांनी कोयता उचलला आणि ओलं लिंपण खरवडायला लागले. बाबूजींनी धावत जाऊन त्यांचा हात धरला. म्हणाले, शिमोन, डोकं फिरलं का, गणपतीचा माल आहे.

"भाऊ आत शे," आबा म्हणाले. मला ते भाऊच म्हणायचे.

बाबूजींनी सांगितलं की पोरगा स्थानकात गेलाय. मग विचारलं, उंबऱ्यावर चपला होत्या का? आबा म्हणाले, नव्हत्या. मग तू त्याला आत जाताना पाहिलंस का?

"मी नही देखं, शेठजी."

बाबूजी सांगायचे, त्या माणसाची नजर ढळत नव्हती. एरवी त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं. त्या दिवशी का कोण जाणे, त्यांनी हात सोडला, नुसता सोडला नाही, तर स्वतः पहार आणली. पर्युषणात जीवहिंसा नको म्हणून त्या धुराच्या खोल्यांकडे ते फिरकतसुद्धा नसत, पण तेच घड ओढत सगळ्यांच्या आधी आत शिरले. त्या गणपतीला आमच्या वखारीतून एक केळं बाजारात गेलं नाही, आणि त्याबद्दल बाबूजी मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मला कित्येक दिवस बोलता येत नव्हतं. घसा आतून भाजल्यासारखा झाला होता. आबा भेटायला आले, दाराशीच उभे राहिले. बाईनं त्यांना बळेच आत बसवलं. आबांनाच काहीतरी विचारायचं होतं. जरा चाचरत म्हणाले, "भाऊ, मी जेवाले बठेल व्हतू. कानमा तुना आवाज उना. काय बोलना तू? देखे कांई... किंवाड खोल... असंच ना?"

शब्द अडखळत आले, पण तेच आले. आमचे मजूर आमच्याशी मराठीत किंवा अहिराणीत बोलायचे, आणि आम्हीही. आबांना मारवाडी येत नव्हती. त्या शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊकच नव्हता, तो बाईनं त्यांना तेव्हा सांगितला. आवाज माझा होता आणि लिंपलेल्या दाराआडून आल्यासारखा कोंडलेला होता, म्हणून ते धावले होते.

आमचे डॉक्टर म्हणाले, धुरानं मेंदूला भास होतात. असतील. म्हणजे ती नजर भास होती, मान्य. पण माझा भास आबांच्या ताटापर्यंत कसा पोचला? मित्र म्हणाले, तू ओरडला असशील. त्या घशानं? जाड भिंतीतून, रेल्वे लाइन ओलांडून? आणि वखारीच्या अंगणातल्या मजुरांना ऐकू न येता? दुसरा म्हणाला, म्हाताऱ्यानं तुला आत जाताना ओझरतं पाहिलं असेल, जेवताना आठवलं असेल. असेल बुवा. पण मग ते शब्द? मी सगळे भाव करून बघितले, सौदा कुठेच जुळत नाही.

आबांना मात्र काही कोडं नव्हतं. ते खुशीत होते. मी बरा झाल्यावर एकदा त्यांना एकांतात गाठलं. म्हटलं, "आबा, ते बघणं अजून थांबलं नाही. अंघोळीला गेलो तरी आहे, झोपलो तरी आहे. त्याला सांगा ना, झालं काम, आता जा म्हणावं."

आबांना माझी दया आली असावी.

"किंवाड खोल, असं तूच बोलना ना भाऊ," ते म्हणाले. "आते ते लावता येवाव नही."

मी धर्म बदलला नाही. आबांनीही कधी तसं सुचवलं नाही. अजून स्थानकात जातो, पर्युषण करतो. आबा जाऊनही खूप वर्षं झाली. काय घडलं ते मला आजही सांगता येत नाही. लोक म्हणतात, देव कुठे आहे, दाखव. माझी अडचण उलटी आहे... गेली पन्नास वर्षं मी अशी एक खोली शोधतोय, जिथे तो नसेल. मला थोडा वेळ एकटं बसायचंय.