तीन नंबरचं मशीन चालू होतं

कोल्हापूरच्या शाहूपुरीत, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या माडीवर अल्लाउद्दीन बागवानचं नेट कॅफे होतं. तिथं नेट गेलं की आधी एक गिऱ्हाईक ओरडायचं, मग सगळी ओरडायची, आणि अल्लाउद्दीन काउंटरवरून उठून ठरलेलं एकच काम करायचा. भिंतीवरचा मेन स्विच खाली.

"अवो चाचा, मेल लिवत हुतो की."

"लिवा परत. हात काय मोडला न्हाय तुमचा."

मग उरलेला चहा संपवायचा, स्विच वर करायचा आणि बहुतेक वेळा नेट यायचं. पूर्वी तो रेडिओ दुरुस्त करायचा. बिघडलेल्या वस्तूला घटकाभर गप बसवायचं, ही सवय तिथलीच.

२००७ साली गडमुडशिंगीहून शिवय्या आणि त्यांची बायको शांतव्वा दर रविवारी त्याच्याकडे यायला लागली. मुलगा मृत्युंजय मस्कतला नोकरीला. शांतव्वांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, कॅन्सरचं. त्यात आवाज गेला. मुलाचा फोन आला की त्या नुसत्या ऐकायच्या आणि उत्तर द्यायचे शिवय्या. ते उत्तर कायम एकच असायचं, "बरी हाय. तू तिकडं बघ."

नेट कॅफेत मुलगा पडद्यावर दिसायचा; तिथल्या कॅमेऱ्यापुढं मात्र त्या स्वतः बोलायच्या. हातांनी. बोटं ओठांशी नेऊन जेवलास का विचारायच्या, दोन्ही गाल आत ओढून किती वाळलास म्हणायच्या. एकदा पदराखालून झुणक्याची वाटी काढून कॅमेऱ्यापुढं धरली आणि स्वतःच खाऊन दाखवली. पलीकडं मृत्युंजय हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेताला आला होता.

त्यांच्यासाठी अल्लाउद्दीन खिडकीजवळचं तीन नंबरचं मशीन राखून ठेवायचा. तोंडावर उजेड पडतो म्हणून. हेडफोन तोच त्यांच्या कानावर चढवायचा. शिवय्या जिन्यात बसायचे.

"आत या की, मालक."

"नगो भाई. तिचं त्ये बोलणं मला बघवत न्हाय."

सप्टेंबरातल्या एका रविवारी शांतव्वा आल्या तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. जिना चढताना मध्येच बसल्या. पण कॅमेरा लागला आणि त्या सरळ झाल्या, पदर नीट केला. थोड्याच वेळात मागच्या टेबलावरून आवाज आला, "चाचा, साईट उघडंना."

"माझीबी न्हाय."

"गेलं वाटतं. बघा की वो."

अल्लाउद्दीन उठला आणि सवयीनं स्विच खाली पाडला. सगळे पडदे काळे झाले. वळून बघतो तर शांतव्वांचा हात हवेत होता, तळवा खाली, बोटं आपल्याकडं ओढत होती. पुन्हा. पुन्हा.

"आलो आक्का, आलो. दमा जरा."

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. हात मांडीवर ठेवला आणि काळ्या पडद्याकडं बघत बसल्या.

स्विच वर केला, मशिनं चालू झाली, पण एक पान उघडेना. चॅट तर लागेचना. नेट देणाऱ्या कंपनीला फोन केला. "आमच्याकडून लाईन ओके दिसतीय सर." दिवस मावळायला आला तसे शिवय्या आत आले. "चल गं. पुढच्या ऐतवारी बोल." अल्लाउद्दीननं शांतव्वांना दंडाला धरून खाली उतरवलं. हाताला वजनच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आरिफ आला. हा त्याचा मित्र, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा. त्यानं मशीनमध्ये कुठला तरी नंबर टाकला आणि पानं फटाफटा उघडायला लागली.

"काय केलंस?"

"पत्ता सांगणारा बदलला. तू साईटचं नाव टाकतोस, पण मशीनला लागतो तिचा नंबर. त्यो नंबर तुला नेट देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर शोधून देतो. त्योच आडवा झालाय कालपासनं. आता दुसऱ्या सर्व्हरला इचारायचं, त्यो समद्यांना सांगतो. चार, दोन, दोन, दोन. ध्यानात ठेव."

"म्हंजे नेट गेलंच न्हवतं?"

"लाईन जित्ती हुती की. नवं काय उघडत न्हवतं, एवढंच. ज्यांचं आधीच लागलंय त्यांना पत्ता कशाला लागतोय? ती बोलत बसली असती."

अल्लाउद्दीननं तीन नंबरकडं बघितलं. "कॅमेरा लागला असला तर?"

"तरी चालला असता."

"आन् मी स्विच पाडला तर?"

आरिफ हसला. "मग तूच तोडलंस की, शहाण्या."

अल्लाउद्दीननं तिथूनच गडमुडशिंगीला फोन लावला. "मालक, आक्कांना आजच आणा. चालू झालंय."

"ती उठत न्हाय आता, भाई."

"मग मी मशीन घिऊन येतो."

"आन् नेट? त्ये कुठं हाय हितं?"

त्याच आठवड्यात शांतव्वा गेल्या. मृत्युंजय मातीला पोचला नाही.

अल्लाउद्दीननं सगळ्या मशीनवर तो नंबर टाकला. मेन स्विचवर चिकटपट्टी लावली. कुणी ओरडलं तर आधी प्रत्येकाजवळ जाऊन विचारायचा, "तुमचं चालू हाय का? तुमचं?" गिऱ्हाइकं चिडवायची, "चाचा, जनगणनेची नोकरी धरलीसा काय?"

काही दिवसांनी मृत्युंजय आला. डोकं भादरलेलं. तीन नंबरसमोर बसला, मशीन चालू केलं नाही.

"चाचा, त्या दिवशी मी अव्वाला इचारलं हुतं. नोकरी सोडून येऊ का? बाबांना इचारून उपेग न्हवता. अव्वानं हात उचलला आन् चित्र तिथंच थांबलं. हात वर. म्या चॅटची ती खिडकी बंदच केली न्हाय. बाबांना फोन केला, तर म्हणले, बरी हाय, येऊ नगंस. मला वाटलं, तिलाबी त्येच म्हणायचं असंल." तो अल्लाउद्दीनकडं वळला. "तुमी हितंच हुतासा. पुढं काय केलं तिनं?"

अल्लाउद्दीननं भिंतीवरच्या स्विचकडं बोट केलं.

"लाईन गेली न्हवती, बाळा. स्विच म्या पाडला."

"त्ये इचारलं न्हाय मी."

अल्लाउद्दीननं हात उचलला. तळवा खाली केला, बोटं छातीकडं ओढली. पुन्हा. पुन्हा.

"मला वाटलं, मलाच बोलवत्यात," तो म्हणाला. "म्या म्हटलं, आलो आक्का."

हात चालूच होता. मृत्युंजयनं तो धरला, टेबलावर दाबून ठेवला आणि किती तरी वेळ सोडला नाही.