हो हो म्हणणारी मॅडम

वाशीम जिल्ह्यात शिरपूर जैनपासून थोडं आत एक गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. मालेगावहून रोज स्कूटीने जाते. शिक्षक चार, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या एक काकू, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. एका शुक्रवारी दुपारी त्या टेबलापाशी येऊन काहीतरी बोलल्या. मी मोबाइलवर कुठलीतरी माहिती भरत होते, त्यासाठी वरून दोनदा फोन येऊन गेला होता. मान वर न करताच मी म्हटलं, "हो हो, चालेल."

सोमवारी अकरा वाजले तरी स्वयंपाकखोलीचं कुलूप तसंच. मुलं ताटल्या घेऊन ओट्यावर बसलेली. काकू फोन उचलेनात. शेवटी दुकानातून बिस्किटं आणून वाटली. न सांगता घरी राहतात म्हणजे काय, असं मी शिक्षकांसमोर मोठ्याने बोलले, आणि शाळा सुटल्यावर तशीच तणतणत त्यांच्या घरी गेले.

काकू अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच विचारलं, "काकू, न सांगता सुट्टी?"

"सांगतलं ना मॅडम. शुक्रवारी म्हनलं, सोमवारपासून मी येत नाई, दुसरी बाई पाहून घ्या. तुमी म्हनल्या, हो हो, चालेल."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. मी खाली बसले.

"पण सोडता कशाला?"

"तांदळात सोंडे झाले, हे तुमाले तीन डाव सांगतलं. अळ्याही व्हत्या. तुमी म्हनल्या, पाहते. मी रोज घंटाभर आधी येऊन निवडत व्हती. तरी एखांदा राह्यतेच. गुरुवारी एका पोरीच्या ताटात निंगाला. तिची माय फाटकात उभी राहून मले म्हने, आमच्या लेकरायले किडे खाऊ घालतं का? सारे पाहून राह्यले व्हते."

"मग तुम्ही सांगायचं ना, मॅडमला कळवलं होतं म्हणून!"

"तुमचं नाव काहून घेऊ? तुमाले त आठवतही नसन."

तेवढ्यात पर्समधला फोन वाजायला लागला. "उचला ना, सायेबाचा असन," काकू म्हणाल्या. माझा हात गेलाही होता. मी तो मागे घेतला. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा बंद झाला. काही बिघडलं नाही. त्या बाईकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. चार वर्षं सोबत काम करूनही, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं.

खरं तर त्याआधी दीडेक महिना वाशीमला आमचं एक प्रशिक्षण झालं होतं, 'सजगता आणि नेतृत्व' या विषयावर. तिथल्या बाईंनी प्रत्येकाला एक मनुका दिला आणि तो पाच मिनिटं लक्ष देऊन, चव घेत खायला सांगितलं. मी टेबलाखाली मोबाइलवर पटसंख्या भरत होते. मनुका कधी गिळला तेही कळलं नाही. प्रमाणपत्र मात्र मिळालं.

मंगळवारी मी मुलांच्या घरच्यांना शाळेत बोलावलं आणि काकूंनाही आग्रहाने आणलं. सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक काकूंची नाही. त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी लक्ष दिलं नाही."

मागून एका आजोबांनी विचारलं, "मंग तुमी काय करून राह्यल्या व्हत्या मॅडम?"

ओठांवर कामांची यादी आली: ही माहिती, ती माहिती, हा अहवाल. एक श्वास घेतला. पायाखालची फरशी जाणवली. म्हटलं, "मोबाइल पाहत होते."

फाटकात ओरडलेली ती आई उठून काकूंपाशी गेली. "काकू, माह्यं चुकलं. पह्यले इचारायले पाह्यजे व्हतं."

काकू परत यायला तयार झाल्या, पण एक अट घालून. "मले हो हो म्हनू नोका. नाई म्हना, पन आयकून म्हना."

तांदूळ बदलून यायला आठ दिवस गेले. तेवढे दिवस परिपाठाआधी आम्ही सगळे शिक्षक काकूंसोबत निवडायला बसलो. ताटात तांदूळ पसरला की नजर दुसरीकडे नेता येत नाही, नेली की सोंडा निसटतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत माझं मन चार वेळा मालेगावला जाऊन आलं. पाचव्या दिवशी दोन वेळा. डोळे मिटून बसणं मला आजही फारसं जमत नाही. पण कुणी टेबलापाशी आलं की मोबाइल उलटा ठेवायचा, हात रिकामे करायचे आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं, एवढं मी स्वतःला लावून घेतलं.

त्याचा तोटाही झाला. माहिती उशिरा गेली म्हणून मला एक नोटीस आली. मी खरं कारण लिहून उत्तर दिलं. तेवढ्यावर ते मिटलं. पण चौथीचे सर दोन महिने उशिरा का येत होते, ते मला त्याच काळात कळलं. पूर्वी मी त्यांच्याकडे सरळ लेखी खुलासा मागितला असता. आता मोबाइल उलटा ठेवून नुसतं विचारलं. ते म्हणाले, "आई बिछान्यावर आहे. सकाळचं सगळं मलाच करावं लागतं." आम्ही तासिका बदलल्या. त्यांचा पहिला तास आता मी घेते.

परवा घाईत माझ्या तोंडून पुन्हा "हो हो" निघालं. काकू दारातच थांबल्या. "काय म्हनलं मी?" त्यांनी विचारलं.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "पुन्हा सांगा."

"गॅस संपत आला, म्हनलं," त्या म्हणाल्या, आणि हसत आत गेल्या.