आई, बेन आणि आबाधुबीचा नियम

"कोडला हात लावायचा नाही!" हे वाक्य मी ऑफिसात इतकं बडबडायचे की लोक मला बघूनच पळायचे. गेमचे नियम चौकटी आणि बाण काढून मांडायचे, बटण दाबायचं, कोड मशीन लिहील, असं साधन मी बनवतेय. नियम बदलला तर चौकट बदला आणि पुन्हा बटण दाबा.

नमुन्याला आईच्या लहानपणची आबाधुबी घेतली. चेंडू लागला की आऊट, शेवटी उरेल तो जिंकला. आईने नियम सांगितले, मी चौकटी काढल्या, मिनिटभरात मोबाइलवर गेम तयार. काय तोरा होता माझा!

परळहून माझ्याकडे सिल्व्हर पार्कला राहायला आल्यापासून आई गप्पच असायची. इथे ओळखीचं कुणी नाही. या गेमपायी समोरच्या गुजराती बेन रोज संध्याकाळी आपला फोन घेऊन यायला लागल्या. पण आईची बोटं हळू, पहिल्याच चेंडूला आऊट. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जाऊ दे गं, मला नाही जमत. त्यांना सांग, येऊ नका."

मशीनने लिहिलेल्या कोडमध्ये मीच गुपचूप एक ओळ घुसडली: आईला लागलेला चेंडू मोजायचा नाही. आई जिंकली. दोन दिवस काय खूश होती! मग मी मैदानाचा रंग बदलला आणि सवयीने बटण दाबलं. मशीनने सगळा कोड नव्याने लिहिला, माझी ओळ गायब. आई पुन्हा आऊट.

"काल तर जमत होतं की!"

कबूल केलं. आई भडकली. "चोरून कशाला? सरळ कच्चा लिंबू म्हणायचं ना! ज्याला पळता येत नाही त्यालाही आम्ही घ्यायचो, त्याला आऊट नाही करायचं. पण आधी सगळ्यांना ओरडून सांगायचं. तोसुद्धा नियमच आहे, बाई."

एवढी शिकलेली मी, आणि हे सुचू नये? मुकाट्याने नवी चौकट काढली, कच्चा लिंबू. पाच वेळा बटण दाबून बघितलं. नियम जागच्या जागी.

संध्याकाळी आईने दारातच जाहीर केलं, "बेन, आज मैं कच्चा लिंबू, हां!"

"तो मैं भी!" बेन म्हणाल्या.

दोघीही आऊट होणार नसतील तर खेळ संपणार कसा, याची चौकट मी काढलीच नव्हती. कुकर झाला, वरणाला फोडणी पडली, तरी दोघी आपल्या खिदळत खेळतायत. शेवटी बेन उठल्या, तशी आई त्यांच्यामागे दारापर्यंत गेली.

"कल आना हां. अभी खतम नहीं हुआ."