वाईट उत्तराचा नमुना

सरांनी मोबाइलला स्पीकर जोडला आणि माझा आवाज वर्गात सोडला.

आदल्या दिवशी त्यांनी मुलाखतीच्या सरावासाठी एकेकाला आत बोलावून इंग्रजीत प्रश्न विचारले होते. टायपिंग कधी शिकलात? हातानं लिहायला आवडतं की टाइप करायला? अक्षर कसं आहे? सगळ्यांची उत्तरं रेकॉर्ड केलेली. आज त्यांच्यावर शेरे. मी मागच्या बाकावर.

माझा आवाज इंग्रजीत सांगत होता की मी टायपिंग पुठ्ठ्यावर शिकले. घरी कॉम्प्युटर नव्हता. शाळेतही नव्हता. वडिलांनी आणलेल्या पुठ्ठ्यावर पेनानं बटणं काढली आणि त्यांच्यावर बोटं मारत बसले.

वर्ग हसला. सरांनी आवाज थांबवला, मागं नेला, तेच वाक्य पुन्हा लावलं. वर्ग पुन्हा हसला.

"उभी राहा. प्रश्न काय होता?"

"टायपिंग कधी शिकलात."

"मग तू काय सांगत बसलीस? तुला टायपिंग विचारलंय की गरिबी?"



पुढचं उत्तर लागलं. माझं अक्षर चांगलं आहे, होस्टेलात सगळ्या मुलींचे अर्ज मी लिहायचे, आता कोर्टासमोर लोकांचे अर्ज लिहिते. सरांनी कपाळ चोळलं.

"ऐकणाऱ्याला रडू आणायचंय का तुला? सांगायचं, मला डायरी लिहायला आवडते. रोज. शाईच्या पेननं. लिहितेस का डायरी?"

"न्हाई."

निसटलं तोंडातून. लातूरला आल्यापासून दाबून ठेवलं होतं मी ते गावाकडचं बोलणं. पुढच्या बाकावरच्या सायलीनं, डॉक्टरांच्या मुलीनं, मान वळवली आणि माझ्याच सुरात विचारलं, "न्हाई? हाव का वं?"

मग हसं थांबेचना.

माझा राग वाईट आहे. कोर्टासमोर माझ्या टेबलाच्या वाटेला वकीलसुद्धा जात नाहीत. त्या दिवशी मात्र मी खाली बसले आणि वहीत लिहून घेतलं. डायरी. शाईचं पेन. कारण नावांची यादी सरांच्या हातात होती.

नांदेडला एका कंपनीचं ऑफिस निघालं होतं. फोनवर इंग्रजीत बोलायचं काम, पक्की नोकरी. कंपनी माणसं क्लासमधून घेणार होती. सर आठ नावं पाठवणार, त्या आठ जणांचीच परीक्षा होणार. मला त्या आठांत यायचं होतं. उन्हात टेबल मांडून दुसऱ्यांची गाऱ्हाणी टाइप करण्यात माझी सात वर्षं गेली होती.

क्लासमध्ये शिरले तीही सौदा करून. सौदा मला आईनं शिकवला. किनवटच्या स्टेशनात ती सीताफळाची पाटी घेऊन उभी राहायची. गाडी थांबते किती, आणि तेवढ्यात खिडकीतल्या माणसाशी भाव ठरवायचा, फळं द्यायची, पैसे घ्यायचे. घासाघीस लांबली की गाडी हलते आणि माल हातात राहतो. म्हणून आई पहिल्यांदाच असा भाव सांगायची की समोरच्याला फार बोलता येऊ नये. मीही सरांना पहिल्यांदाच सांगितलं होतं, "फी माझ्यानं होणार नाही. तुमच्या नोट्स, पुस्तिका, शेरे, जे असेल ते टाइप करून देते. तुमचा टायपिस्ट रजेवरच असतो." सर हसले आणि तयार झाले. आपण जिंकलो असं मला वाटलं होतं.

पुठ्ठ्याची गोष्ट खरी आहे.

आश्रमशाळेत नववीला होते. किनवटला टायपिंगची एक संस्था होती. मी तिथल्या बाईंना म्हटलं, रविवारी येऊन झाडून देते, मला एक तास मशीन द्या. त्यांनी अर्धा तास दिला. आठवड्यातून अर्धा तास. बोटं विसरून जायची. वडील स्टेशनात हमाली करायचे. मी त्यांना सांगितलं, मोठा पुठ्ठा पाहिजे, न मुडपलेला. त्यांनी पार्सलच्या खोक्याचं झाकण आणलं. वाटेत पाऊस लागला म्हणून अंगातला सदरा काढून त्यात गुंडाळलेलं. स्वतः उघड्या अंगानं होस्टेलच्या फाटकात उभे. त्या झाकणावर मी बटणं आखली. शाई बोटांना लागायची, अक्षरं पुसायची, मी पुन्हा काढायची. दोन वर्षं. टायपिंगच्या परीक्षेला बसले तेव्हा मशीनचा आवाज ऐकून दचकले होते. माझ्या पुठ्ठ्याला आवाज नव्हता.

हे मी सरांना चार वाक्यांत सांगितलं होतं. त्यांनी त्याला गरिबी म्हटलं.

शेरे झाल्यावर सरांनी मला नवं उत्तर लिहून दिलं. माझ्या दहाव्या वाढदिवसाला माझ्या वडिलांनी मला लॅपटॉप भेट दिला. मी घोकायला लागले. टेबलावर गिऱ्हाईक नसलं की घोकायची. आईचा फोन आला तेव्हाही पुटपुटत होते.

"काय म्हणून राहिली गं?"

मी मराठीत सांगितलं.

"लॅपटॉप कवा व्हता आपल्याकडं?"

"नव्हता माय. असं बोलायचं असतं."

"तुझ्या बापानं चोरून आणला व्हता का मग?"

मी चिडले. म्हटलं, तुला काही कळत नाही. फोन ठेवला. वडील जाऊन चार वर्षं झालीत. त्यांच्या नावावर मी एक वस्तू चढवली होती आणि ती आईला पचत नव्हती.

मग पुस्तिका आली. सरांच्या हस्ताक्षरातले कागद, नेहमीप्रमाणे माझ्या टेबलावर. चांगल्या उत्तरांचे नमुने. वाईट उत्तरांचे नमुने. वाईटातल्या पहिल्याच पानावर माझं उत्तर होतं. पुठ्ठा होता, अर्ज होते, कोर्ट होतं. नाव नव्हतं. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'किनवट भागातील आश्रमशाळेची एक विद्यार्थिनी'. वर्गात तशी मी एकटीच. खाली शेरा. 'स्वतःची दैना सांगून सहानुभूती मागू नये. मुलाखत म्हणजे भीक मागण्याची जागा नव्हे.'

मी ते टाइप केलं.

खोटं कशाला बोलू. केलं. 'भीक' हा शब्द माझ्याच बोटांनी उमटवला. वेग कमी झाला नाही, एक चूक झाली नाही. प्रती काढल्या, पिना मारल्या, गठ्ठा क्लासला नेला. सर म्हणाले, "वाटून टाक." मी बाकाबाकावर वाटत गेले. सायलीनं पहिलं पान उलटलं, वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि या वेळी हसली नाही. तिचं ते न हसणं मला जास्त लागलं.

नावं ठरवायच्या दिवशी कंपनीच्या एक बाई लॅपटॉपच्या पडद्यावर होत्या. त्या फक्त ऐकणार, प्रश्न सरच विचारणार. माझी पाळी आली. तोच प्रश्न. टायपिंग कधी शिकलात?

मी सुरुवात केली. माझ्या दहाव्या वाढदिवसाला माझ्या वडिलांनी मला.

पुढं जीभ वळेना. पाठ होतं सगळं. शूरपणा वगैरे नव्हता तो. वडील फाटकात उघड्या अंगानं उभे दिसले आणि त्यांच्या हातात लॅपटॉप देता येईना. मी थांबले. मग इंग्रजीतच म्हणाले, हे उत्तर माझं नाही. आणि पुठ्ठ्याचं सांगितलं. मोडकंतोडकं, पण सगळं. सदऱ्यासकट.

बाई काही म्हणणार तेवढ्यात सर मध्ये पडले. "सॉरी मॅडम, ही आमची टायपिस्ट आहे. नेक्स्ट."

टायपिस्ट. विद्यार्थिनीसुद्धा नाही.

दोन दिवसांनी यादी लागली. आठ नावं. सायलीचं होतं. माझं नव्हतं. मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी वर न बघताच नवे कागद पुढं सरकवले.

"पुढच्या बॅचची पुस्तिका. वाईट नमुना तोच ठेव, मुलांना पटकन कळतो. आणि तोंड पाडू नकोस, पुढच्या वेळी बघू तुझं."

"माझं उत्तर त्यातून काढा."

"तुझं नाव आहे का त्यात?"

"नाव न्हाई. बाप हाय."

त्यांनी आता वर बघितलं. "हे बघ, मी तुझ्या भल्यासाठी..."

"भलं राहू द्या. ते पान मी टाइप करणार न्हाई. तुम्ही दुसऱ्याकडून करून घ्या."

"मग क्लासला यायचं नाही."

"न्हाई येणार."

संपलं. मी बाहेर पडले तेव्हा मागून प्रिंटर चालू झाल्याचा आवाज आला. ते पान त्यांच्याकडं होतंच. मीच तयार करून दिलेलं. पुढच्या बॅचलाही ते वाटलं जाणार आणि मला ते थांबवता येणार नाही, हे मला जिन्यातच कळलं.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळच्या एस.टी.नं नांदेडला गेले. कंपनीच्या दारावरच्या माणसानं यादी बघितली.

"ताई, नाव नाही तुमचं."

"माहीत आहे. अर्ज घेऊन आलेय." तिथंच भिंतीला कागद टेकवून मी तो हातानं लिहिला होता. मराठीत आणि इंग्रजीत. मला क्लासच्या यादीबाहेरून परीक्षेला बसू द्यावं.

त्यानं आत नेला. बराच वेळ गेला. परत आला तो कागद घेऊनच. "यादीशिवाय घेत नाहीत म्हणे."

"मग तसं त्यावर लिहून द्या."

"असं लिहून देत नसतात, ताई."

पाच वाजेपर्यंत मी फाटकाबाहेर होते. आठही जण बाहेर पडले. सायलीनं विचारलं, "तू इथं कशी?" मी अर्जाची घडी घातली आणि स्टँडची वाट धरली.

मला अजून तिथं जागा नाही. कदाचित मिळणारही नाही. इंग्रजी माझं अजून अडखळतं, ते मी सुधारणार, कुणाचे पाय न धरता. आणि जितक्यांदा ती परीक्षा निघेल तितक्यांदा अर्ज घेऊन जाणार. कधीतरी कुणीतरी मला समोर बसवून विचारील, टायपिंग कधी शिकलात? तेव्हा मी पुठ्ठाच सांगणार. नापास करायचं तर त्यांनी ते ऐकून करावं.